विषय अनेक, अध्यापक कोठे?

बारावीचे निकाल लागले की आंतरविद्याशाखीय पदवीसाठी ‘स्वस्त आणि चांगले’ महाविद्यालय कोणते, अशी विचारणा कार्यकर्त्यांकडेही होऊ लागते. प्रश्न पालकांच्या पोटातून आलेला असतो. त्याचा उपहास करण्याचे कारण नाही. मात्र त्याचे उत्तर माहितीपत्रकाच्या गुळगुळीत कागदावर शोधणे हे निव्वळ भाबडेपण होय.

अनेक विद्यांचा एकत्र अभ्यास हा काही २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने लावलेला शोध नव्हे. १९१३ साली डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. अर्थशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय. त्याच्या जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र यांचाही त्यांनी अभ्यास केला. हे घडले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. खर्च बापाच्या खिशातून नव्हे, सरकारी खजिन्यातून झाला होता. धोरणाचे भाट नेमके हेच विसरतात.

आता कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही मुख्य विषयाबरोबर गौण विषय आणि अन्य शाखेतील एखादा खुला विषय घेता येतो. कागदावर ही सोय नामी आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने संख्याशास्त्र शिकावे, याला कोणता शहाणा विरोध करील? परंतु संख्याशास्त्र शिकवावयास संख्याशास्त्राचा अध्यापक लागतो! अनुदानित महाविद्यालयांतील जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवावयाच्या, तासिका तत्त्वावर पदवीधरांना राबवावयाचे आणि वर विद्यार्थ्याला निवडीचे स्वातंत्र्य दिल्याची दवंडी पिटावयाची, हा व्यवहार दांभिकपणाचा आहे. तालुक्याच्या गावी ‘निवड’ याचा अर्थ एवढाच उरतो की, जो अध्यापक शिल्लक असेल त्याचा विषय घ्या.

खाजगी विद्यापीठांत अध्यापक आहेत, ग्रंथालयेही आहेत. ते नाकारण्यात हशील नाही. पण त्यांपैकी नामवंत विद्यापीठांत शुल्क व वसतिगृह मिळून वर्षाला काही लाख रुपये मोजावे लागतात, आणि सन्मान पदवी चार वर्षांची! शिष्यवृत्त्या मिळतात, असे सांगितले जाईल. त्या संस्थेच्या मर्जीवर अवलंबून असतात. अनुदान हा नागरिकाचा हक्क असतो.

याच धोरणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची मुभा आहे. या पहिल्या दाराने बाहेर कोण पडणार? ज्याच्या घरचा पैसा संपला तोच. पूर्वी याला गळती म्हणत. आता तिला प्रमाणपत्र मिळते.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के रक्कम शिक्षणावर खर्च करावी, असे कोठारी आयोगाने १९६६ साली सुचविले. तोच आकडा २०२० च्या धोरणात पुन्हा अवतरला. चोपन्न वर्षे एकच आश्वासन!

तेव्हा पालकांनी शुल्काचा पहिला हप्ता पाहून भुलू नये. पूर्णवेळ अध्यापक किती, गेल्या वर्षी कोणते विषय प्रत्यक्ष शिकविले गेले, खोलीभाडे, खाणावळ आणि एसटीचा पास धरून संपूर्ण पदवीचा खर्च किती, हे विचारावे. या हिशेबात जिल्ह्याच्या ठिकाणचे एखादे जुने अनुदानित महाविद्यालय पुष्कळदा सरस ठरेल. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी नाशिकचे, १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच.

कार्यकर्त्यांनी ही माहिती महाविद्यालयवार जमवून गावोगाव लावावी. प्राचार्य रिक्त जागांचा आकडा सांगत नसतील, तर अनुदानित संस्थेकडे तो २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागता येतो. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे.