जोडणीचा कागद

कलावंताच्या घरून येणारा फोन बहुधा एकाच वाक्याने सुरू होतो : "सामान फार साठलंय, स्कॅन करून द्याल का?" बोलणारा कधी कलावंत स्वतः असतो, कधी त्याची मुलगी, कधी गॅलरीत नव्याने लागलेला मदतनीस. आपल्यातले बरेच जण लगेच हो म्हणतात, पानामागे दर सांगतात आणि पुढच्या आठवड्यात स्कॅनर घेऊन दारात उभे राहतात. यथावकाश हार्ड डिस्क भरते. कुठली प्रतिमा कुठल्या कामाची, हे सांगू शकणारी व्यक्ती मात्र तोवर थकलेली असते किंवा गेलेली असते. अशा फोनला पहिले उत्तर ‘थोडे थांबा’ असे द्यावे, असे आमचे मत आहे. छायाचित्र, चित्रफीत, भिंतीवरचे रेखाटन, बाजारातून उचललेल्या वस्तू असे सगळे एकत्र करून काम करणाऱ्या कलावंताच्या बाबतीत तर नक्कीच.

कॅनव्हास कुठल्याही भिंतीवर टांगला तरी तो तोच कॅनव्हास राहतो. मिश्र माध्यमातले काम मात्र प्रत्येक प्रदर्शनात नव्याने जोडावे लागते. प्रोजेक्टर किती अंतरावर, खोली किती काळोखी, आवाज कुठून यावा, छायाचित्र कुठल्या कागदावर छापावे, चौकट लावावी की नाही, हे कुठेतरी लिहिलेले असेल तरच ते काम पुन्हा उभे राहते. म्हणून कलावंताच्या कारकिर्दीच्या दप्तरात आम्ही सर्वांत वर ठेवू तो हा जोडणीचा कागद. देखणा मांडणी-फोटो त्याच्यानंतर.

नलिनी मलानी यांचे उदाहरण घेऊ. जन्म कराचीचा, 1946 चा. शिक्षण मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात. 1992 साली त्यांनी ‘सिटी ऑफ डिझायर्स’ हे काम केले, ते गॅलरी केमोल्डच्या भिंतींवर. केमोल्ड तेव्हा काळा घोड्याच्या जहांगीर कलादालनाच्या इमारतीतच, वरच्या मजल्यावर होती. नाथद्वाराची जुनी भित्तिचित्रे दुर्लक्षामुळे नष्ट होत चालली होती, त्याविरुद्धचा तो उद्गार होता. प्रदर्शन संपल्यावर भिंतींवर पांढरा रंग फिरवला गेला. पुसले जाणे हा त्या कामाचाच भाग होता. आज त्याबद्दल बोलायचे तर हाताशी आहे ती चित्रफीत, काही छायाचित्रे आणि लोकांच्या आठवणी.

इथे नोंद करणाऱ्याने काय टिपावे? रेखाटन दिसते ते चित्रफितीत येते. पण भिंतीला आधी काय लावले होते, कोळसा कुठला, रंग पाण्यातला की तेलातला, सोबतीला कोण होते, शेवटचा पांढरा हात कोणी मारला आणि तो मारताना प्रेक्षक हजर होते का, हे चित्रफितीवरून कळेलच असे नाही. चित्रफीत काढणाऱ्यानेही कुठे उभे राहायचे आणि कॅमेरा कधी बंद करायचा, हे ठरवलेले असते. तीही एक निवडच. म्हणून रंगवाल्याचे बिल, दुकानाची पावती, निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलने काढलेला भिंतीचा नकाशा अशी ‘किरकोळ’ चिठोरी फेकू नयेत. पुढच्या अभ्यासकाला जी गोष्ट हवी असेल, ती बहुधा त्याच चिठोऱ्यावर सापडते.

त्यांचेच दुसरे काम, ‘रिमेम्बरिंग टोबा टेक सिंग’. पोखरणच्या 1998 च्या अणुचाचण्यांनंतरचे, मंटोंच्या कथेचा धागा धरून केलेले. 1999 मध्ये ते मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात, मांडले गेले. भिंतींवर मोठी प्रक्षेपणे आणि जमिनीवर पत्र्याच्या ट्रंका. ट्रंकांच्या आत टीव्हीचे मॉनिटर. फाळणीत लोकांनी ज्यातून संसार नेला, तसल्या ट्रंका. आता कल्पना करा की तुमच्या संग्रहात असे काम आहे आणि त्यातला एक मॉनिटर बंद पडला. पिक्चर ट्यूबचे संच आता बनत नाहीत. चोरबाजारातून जुना शोधायचा की चपटा पडदा बसवायचा? चपटा बसवला तर ट्रंकेची खोली, आतून येणारी ती फुगीर काचेची निळसर उजेडाची तिरीप, यांचे काय? ट्रंका तरी त्याच हव्यात की तशाच मापाच्या नव्या चालतील? याचे उत्तर कुठल्याही नियमावलीत नाही. ते कलावंताकडे असते आणि आज विचारले तरच मिळते.

न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयातून सुरू झालेल्या ‘व्हेरिएबल मीडिया’ उपक्रमाने यासाठी प्रश्नावली तयार केली, तिचा गाभा साधा आहे. माध्यम जुने झाले तर मूळ वस्तू नुसती जपून ठेवायची, नव्या यंत्रावर जुन्याचा हुबेहूब भास उभा करायचा, मजकूर नव्या माध्यमात हलवायचा, की काम नव्याने साकारायचे? चारांपैकी कशाला कलावंताची संमती आहे आणि कशाला अजिबात नाही, हे त्याच्याच शब्दांत टिपून घ्यायचे. टेट आणि न्यूयॉर्क व सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयांनी मिळून ‘मॅटर्स इन मीडिया आर्ट’ या नावाने मोफत मार्गदर्शिका दिली आहे, तीही उघडून पाहावी. मात्र तिथले नमुने जसेच्या तसे उचलू नका. त्यांच्या गृहीतकांत वातानुकूलित गोदाम आहे. आपल्या कलावंताचे गोदाम म्हणजे पलंगाखालची जागा.

नोंद नसली की काय होते, हे मुंबईने एकदा पाहिले आहे. अकबर पदमसी यांनी 1969 मध्ये जवाहरलाल नेहरू फेलोशिपचे पैसे स्वतःच्या चित्रांवर न उधळता ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ उभे केले. चित्रकारांना डार्करूम, 16 मिमीचा कॅमेरा, एचिंगचा प्रेस एका छताखाली मिळाला. पदमसींनी तिथे ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ हा लघुपट केला. त्याची एकच प्रत होती. ती हरवली. पुढे आशिम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींना सोबत घेऊन तो चित्रपट आठवणीतून पुन्हा घडवायचा प्रयत्न केला आणि त्याच नावाचा माहितीपट 2016 मध्ये केला. तो उत्तम आहे, पण ज्याच्यासाठी तो करावा लागला ती रीळ काही परत येत नाही. ‘सिझिजी’ हा पदमसींचा 1970 चा दुसरा प्रयोग मात्र वाचला.

त्याच कार्यशाळेत तरुण मलानींनी कॅमेऱ्याविना फोटोग्राम केले. प्रकाशसंवेदी कागदावर थेट वस्तू ठेवायची आणि उजेड पाडायचा. फोटोग्रामला निगेटिव्ह नसते. तो कागद हीच मूळ आणि एकमेव प्रत. म्हणजे छायाचित्रकाराच्या खोक्यात ‘प्रिंट्स’ असे लिहिलेल्या पाकिटात काही प्रती पुन्हा काढता येण्याजोग्या आणि काही कधीच न काढता येण्याजोग्या असतात, आणि वरून त्या सारख्याच दिसतात. हा फरक यादीत पहिल्या दिवशी यायला हवा. मलानींचे ‘युटोपिया’ 1969 ते 76 अशा दोन टोकांचे साल लावते. एका बाजूला 8 मिमीवरचे रंगीत स्टॉप-मोशन, दुसऱ्या बाजूला 16 मिमीवरचे कृष्णधवल चित्रण, दोन्ही शेजारी शेजारी प्रक्षेपित, आणि आता दोन्ही डिजिटल व्हिडिओवर. याचे कार्ड भरताना ‘माध्यम’ या एका रकान्यात काय लिहाल? आम्ही तीन ओळी लिहू : चित्रित कशावर झाले, दाखवतात कशावर, आणि बदल कधी, कोणाच्या देखरेखीखाली झाला.

आता क्रमाबद्दल. खोके उघडले की हात शिवशिवतात : फोटो एकीकडे, पत्रे दुसरीकडे, कात्रणे तिसरीकडे. कृपा करून हे करू नका. पुण्याचे पेशवे दप्तर आठवा. गो. स. सरदेसायांनी त्यातून निवडलेल्या कागदांचे 45 खंड 1930 च्या दशकात छापले आणि त्या खंडांनी इतिहासलेखनाची दिशा बदलली. तरीही नवा प्रश्न घेऊन येणारा संशोधक खंडांवर थांबत नाही. तो रुमाल सोडायला सांगतो, कारण निवडणाऱ्याला निरर्थक वाटलेला कागद त्याला हवा असतो आणि तो कशाच्या शेजारी बांधला होता हेही हवे असते. कलावंताने एका पाकिटात कॉन्टॅक्ट शीट, विजेचे बिल आणि वृत्तपत्राचे कात्रण एकत्र ठेवले असेल, तर त्या एकत्र असण्यालाच अर्थ असू शकतो. पाकिटाला क्रमांक द्या, आतल्या वस्तूंना उपक्रमांक द्या, आहे त्या अवस्थेत मोबाइलवर एक फोटो काढा. वेगळे ठेवावेच लागले तर मूळ जागी चिठ्ठी ठेवा.

वेगळे ठेवावे लागते, हेही खरेच. वृत्तपत्राचा कागद आम्लामुळे पिवळा पडतो आणि शेजारच्या प्रिंटलाही डागाळतो. ॲसिटेट फिल्मला व्हिनेगरसारखा वास येऊ लागला की ती रीळ त्या दिवशीच इतरांपासून दूर करायची. पीव्हीसीच्या पारदर्शक पिशव्या निगेटिव्हला चिकटतात. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन वापरा. सत्तरच्या दशकातले रंगीत प्रिंट अंधारात ठेवूनही तांबडे पडतात, कारण त्यातला निळसर रंग आधी उडतो. आरसी कागदाच्या पाठीवर पेन्सिल उमटत नाही म्हणून बॉलपेन दाबून लिहिणारे अजून आहेत. त्याचा उठाव पुढच्या बाजूला कायमचा दिसतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात आर्द्रता 80 टक्क्यांच्या पुढे जाते, तेव्हा लोखंडी कपाट भिंतीला टेकवू नये, एवढे केले तरी बुरशी बरीच कमी होते.

दोन गोष्टींची मात्र घाई खरोखरच आहे, आणि नेमक्या त्याच मागे पडतात. नव्वदच्या दशकात गॅलऱ्यांशी, परदेशी संग्रहालयांशी झालेला व्यवहार फॅक्सवर झाला, आणि फॅक्सचा थर्मल कागद उडतो. करारातली मापे, विम्याची रक्कम, ‘प्रोजेक्टर आम्ही देऊ’ असे आश्वासन, सगळे फिकट होत कोरे होते. दुसरी गोष्ट आपल्या भाषेची. युनिकोडपूर्वी मराठीत टंकलेली निवेदने, प्रदर्शनांची टिपणे, भाषणे श्री-लिपीत किंवा आकृतीत आहेत. मूळ फाँट नसेल तर फाइल उघडते, पण दिसतो तो रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल. असल्या फायली ‘खराब’ म्हणून पुसल्या जातात. पुसू नका, फाँटचे नाव लिहून ठेवा, रूपांतर करून घ्या आणि मूळ फाइलही राखा.

सापडलेल्या छायाचित्रांवरून काम करणाऱ्या कलावंतांच्या दप्तरात हक्कांचा गुंता असतो. विवान सुंदरम यांचे 1993 चे ‘मेमोरियल’ मुंबईच्या दंगलीत रस्त्यावर पडलेल्या एका मृत माणसाच्या वृत्तछायाचित्राभोवती उभे आहे. ते छायाचित्र होशी जाल यांचे. अशा कामाच्या दप्तरात वर्तमानपत्राचे कात्रण, त्याची तारीख आणि परवानगीचा पत्रव्यवहार एकाच पाकिटात हवा. मांडणीचे फोटो काढणाऱ्याचा प्रश्नही असाच. आपल्या कायद्यात मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, उलट करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा. मित्राने मैत्रीखातर काढलेले फोटो मित्राचेच. 2012 च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रालाही छायाचित्रकाराच्या आयुष्यानंतर 60 वर्षे संरक्षण आहे. तेव्हा मित्राकडून आजच चार ओळींचे संमतिपत्र लिहून घ्यावे. त्याच्या नातवाकडे मागणे अवघड जाईल.

कागद द्यायचेच असतात असेही नाही. सुंदरम आणि कलासमीक्षक गीता कपूर यांचा संग्रह एशिया आर्ट आर्काइव्हने डिजिटल रूपात सर्वांसाठी खुला केला आहे. वाचकाला त्यासाठी त्यांच्या घरी जावे लागत नाही. छायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचा ठेवा मात्र अल्काझी फाउंडेशनकडे गेला. दोन्ही मार्ग चांगले. भांडणाची पत्रे, किमतींच्या याद्या, आजारपणाचे कागद यांवर ‘अमुक सालापर्यंत बंद’ अशी चिठ्ठी लावायला कलावंताला मोकळीक द्या. ती नसली की नेमके तेच कागद देणगीच्या आदल्या रात्री बंबात जातात.

राहता राहिले मदतनीस. डार्करूममध्ये प्रिंट काढणारा, ट्रंकांना पत्रा ठोकणारा, प्रदर्शनाच्या आदल्या रात्री शिडीवर चढून प्रोजेक्टर कलता करणारा. कामाच्या श्रेयनामावलीत यांची नावे क्वचित येतात, पण जोडणी त्यांच्या हातात असते. कलावंताला विचारून त्यांचे पत्ते घ्या आणि त्यांच्या मुलाखती वेगळ्या घ्या. कलावंत समोर बसलेला असताना ते खरे बोलत नाहीत.

या अंकात पान 34 पासून आम्ही अशा मुलाखतीसाठी मराठी प्रश्नावलीचा मसुदा देत आहोत. वापरून पाहा, कुठला प्रश्न विचारल्यावर कलावंत वैतागला तेही कळवा. दुरुस्त मसुदा दिवाळी अंकात छापू.