टेप उरली, यंत्र गेले

सोव्हिएत संघ नुकताच विसर्जित झाला होता. रुबल घसरत होता आणि संगणकाचे खास टेप-ड्राइव्ह रशियातल्या साध्या कार्यालयांना परवडणारे नव्हते. व्हीसीआर मात्र मिळत होता. मॉस्कोजवळच्या झेलेनोग्रादमध्ये तयार झालेल्या ‘आर्विद’ नावाच्या कार्डाने हा व्हीसीआरच संगणकाला जोडला. संगणकातली माहिती काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या व्हिडिओ सिग्नलमध्ये बदलायची आणि नेहमीच्या व्हीएचएस कॅसेटवर उतरवायची. टेप चालू-बंद करायला कार्डाला जोडलेला इन्फ्रारेड दिवा रिमोटचे काम करी. हार्डडिस्क काहीशे एमबीच्या असत, त्या काळात तीन तासांच्या एका कॅसेटवर सुमारे २ जीबी माहिती मावत होती!

या कामातली खरी बुद्धिमत्ता चूक-दुरुस्तीत होती. चित्रपट पाहताना टेपवरचा ओरखडा खपून जातो. फाइलमधला एक बिट बिघडला तरी सगळी फाइल निकामी होऊ शकते. टेप दगा देणार हे धरूनच माहितीसोबत दुरुस्तीचे संकेत लिहिले जात. संगणकाची माहिती व्हिडिओ टेपवर साठवण्याची हीच वाट अमेरिकेत कॉर्व्हस कंपनीने १९८० च्या सुमारास धरली होती. डिजिटल ध्वनीही आधी व्हिडिओ टेपवरच साठवला गेला. सीडीवरच्या आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, तो आकडा व्हिडिओच्या रेषांच्या हिशेबातूनच आला आहे.

पण आज आर्विदची एखादी कॅसेट हाती आली तर? चालू स्थितीतला व्हीसीआर हवा, आयएसए स्लॉट असलेला जुना संगणक हवा, ते कार्ड हवे आणि डॉसवर चालणारा त्याचा प्रोग्रामही हवा. यातले एक जरी नसले तरी टेपवरच्या माहितीचा उपयोग शून्य. व्हीसीआर बनवणाऱ्या फुनाई या शेवटच्या ज्ञात जपानी कंपनीनेही २०१६ मध्ये ते बनवणे थांबवले. तेव्हापासून नवे यंत्र मिळत नाही, जुन्यांचे सुटे भाग संपत चालले आहेत आणि ती दुरुस्त करणारे कारागीरही कमी होत आहेत. युनेस्को आणि ध्वनी-दृक् अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्येच जगभरच्या संस्थांना या धोक्याचा इशारा दिला होता.

महाराष्ट्रातल्या ग्रंथालयांच्या, नाट्यसंस्थांच्या, महाविद्यालयांच्या कपाटांत व्याख्यानांच्या आणि प्रयोगांच्या व्हीएचएस कॅसेट आजही आहेत. त्या नीट ठेवल्या आहेत एवढ्यावर कार्यकारिणी समाधान मानते, हे चूक आहे. कॅसेटला बुरशी लागली नसली तरी ती वाचणारे यंत्र नाहीसे होत आहे. इमारतीच्या रंगरंगोटीला निधी निघतो, तसा या कॅसेटच्या डिजिटल प्रतींसाठी याच वर्षीच्या अंदाजपत्रकात निघाला पाहिजे. प्रत करून झाली की ती दुसऱ्या संगणकावर उघडून, शेवटपर्यंत चालवून पाहा आणि दरवर्षी तशी पाहण्याची जबाबदारी एका माणसावर नावानिशी सोपवा.