दातांची तार : शृंगार की उपचार?

‘चणे आहेत तर दात नाहीत आणि दात आहेत तर चणे नाहीत’ अशी एक म्हण आपल्या भाषेत रूढ आहे. गेल्या दोन वर्षांत आमच्या वर्गात या म्हणीची एक तिसरी तऱ्हा उत्पन्न झाली आहे. दात आहेत, चणेही आहेत. परंतु दातांवर तार असल्यामुळे चणे खाण्यास मनाई आहे! वर्गातील पाच-सहा मुलामुलींच्या दातांवर आज अशी तार दिसते. त्यांना ‘तारघर’, ‘रुळावरची गाडी’ अशी नावे ठेवण्यात आली, आणि ती ठेवणाऱ्यांत व ऐकून हसणाऱ्यांत आम्हीही होतो, हे प्रारंभीच कबूल करणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटते.

या हसण्याचा परिणाम काय झाला? आमच्या वर्गातील एका भगिनीचा आवाज स्वच्छ आणि पाठांतर उत्तम. गतवर्षी वक्तृत्व स्पर्धेतून तिने आपले नाव काढून घेतले. बाईंनी कारण विचारले, तेव्हा तोंडावर हात धरून ती एवढेच म्हणाली, “तार निघाल्यावर बोलेन.” त्या दिवशी आम्हांस आमच्या विनोदाची लाज वाटली. म्हणूनच या विषयाची शक्य तेवढी माहिती मिळवून आम्ही आमचे मत येथे मांडीत आहोत.

तार हा शृंगार आहे, असा समज पुष्कळ घरांत आढळतो. तो अपुरा आहे. दात एकमेकांवर चढलेले असले की त्यांच्या सांदीत ब्रश पोहोचत नाही, अन्नाचे कण अडकून राहतात आणि दात किडण्यास व हिरड्या सुजण्यास वाव मिळतो. वरचे पटाशीचे दात फार पुढे आलेले असले, तर खेळताना पडल्यावर तेच आधी तुटतात. खालचे-वरचे दात नीट जुळत नसले, तर घासही नीट चावला जात नाही. अर्थात, एखादा दात किंचित वाकडा असणे म्हणजे काही रोग नव्हे, आणि प्रत्येकाने तार लावलीच पाहिजे असेही नाही. त्याचा निर्णय या शाखेच्या तज्ज्ञ दंतवैद्याने करावा. शेजाऱ्यांनी अथवा आरशाने करू नये.

ही विद्या आजकालचे खूळ आहे असेही कोणी समजू नये. फ्रान्समधील पियेर फोशार यांनी १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या दंतवैद्यकावरील ग्रंथात, कमानीसारख्या पट्टीला दात धाग्याने बांधून ते सरळ करण्याची रीत वर्णिली आहे. पुढे १८९९ साली अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनी दात न जुळण्याच्या प्रकारांचे तीन मुख्य वर्ग पाडले. ते वर्ग दंतवैद्य आजही वापरतात.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला असतो, अशी आमची कल्पना होती. वस्तुतः दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये तंतूंचे एक पातळ आवरण असते. तारेचा हलका दाब सतत पडत राहिला, की ज्या बाजूस दात ढकलला जातो त्या बाजूचे हाड हळूहळू झिजते आणि मागील बाजूस नवे हाड भरत जाते. अशा रीतीने दात महिन्याकाठी सुमारे १ मिलिमीटर सरकतो. दाब वाढविल्याने काम लवकर होते असे मुळीच नाही. अतिदाबाने दाताच्या मुळास अपाय होण्याचा संभव असतो. म्हणून या उपचारास बहुधा दीड ते दोन वर्षे लागतात, कोणाला कमी तर कोणाला अधिक.

ज्यांना तार लावायची आहे, त्यांनी पुढील गोष्टी मनाशी धरून जावे. प्रथम तपासणी होते, क्ष-किरण चित्रे काढतात आणि दातांचे ठसे घेतात. किडलेले दात भरून व दात स्वच्छ करून घेतल्यावाचून तार लावीत नाहीत. जबड्यात जागा अपुरी असल्यास काही वेळा सुळ्यांमागील उपदाढा काढाव्या लागतात. परंतु सर्वांनाच नव्हे. तार बसविताना दुखत नाही. दातांवर बारीक टिकल्या चिकटवितात आणि त्यांतून तार ओवतात. ठणका काही तासांनी सुरू होतो, एक-दोन दिवस चांगलाच जाणवतो आणि आठवड्याभरात बहुधा ओसरतो. गालाला व ओठाला टिकली घासून सोलवटते. त्यावर दंतवैद्याने दिलेले मेण लावावे आणि कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भराव्यात. पुढे दर चार ते आठ आठवड्यांनी तार जुळवून घ्यावी लागते आणि त्यानंतर एक-दोन दिवस पुन्हा दात शिवशिवतात.

आता जिभेचा प्रश्न! शेंगदाण्याची चिक्की, कडक लाडू, चकली, ऊस आणि भाजलेले कणीस यांना निरोप द्यावा लागतो. पेरू बारीक फोडी करून खावा. कठीण पदार्थाने टिकली निघते आणि चिकट पदार्थाने तार वाकते. मात्र मऊ खिचडी, वरणभात आणि ताकात कुस्करलेली भाकरी यांना कोणाचीच हरकत नाही. आपल्या बेळगावचा कुंदा तर चावावाही लागत नाही! तरी गोड खाल्ल्यावर दात घासलेच पाहिजेत. टिकल्यांभोवती अन्न साचू दिले, तर तार निघाल्यावर सरळ दातांवर पांढरे डाग दिसतात, आणि ते सहसा पुरते जात नाहीत.

सर्वांत उपेक्षित गोष्ट शेवटची आहे. तार निघाली म्हणजे व्रताचे उद्यापन झाले असे नव्हे. सरकलेले दात आपल्या जुन्या जागी परतू पाहतात. त्यांना आवरण्यासाठी ‘रिटेनर’ नावाचे साधन सांगितले असेल तितका काळ वापरावे लागते. ते डबा खाताना कागदात गुंडाळून ठेवणारे आणि मग कागदासह फेकून देणारे बहाद्दर आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या दोन वर्षांच्या कष्टांवर अल्पावधीत पाणी पडू शकते.

पालकांस आमची दोन नम्र विनवण्या आहेत. पहिली ही, की ‘पुढे मुलीचे लग्न व्हायचे आहे’ एवढ्याच कारणासाठी तार लावू नये. मुलीच्या दातांची चिंता वाहायची आणि मुलाच्या चढलेल्या दातांकडे कानाडोळा करायचा, ही रीत न्यायाची नाही व आरोग्याचीही नाही. दात दोघांनाही चावण्यासाठीच दिलेले आहेत. दुसरी ही, की खर्चाच्या भीतीने विषय टाळू नये. दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत अध्यापकांच्या देखरेखीखाली हा उपचार खासगी दवाखान्यापेक्षा सहसा कमी खर्चात होतो आणि अशी महाविद्यालये आपल्या शहरातही आहेत. दुधाचे दात ‘पडायचेच आहेत’ म्हणून किडू देऊ नयेत, हेही येथेच सांगतो. दुधाची दाढ अकाली गेली, की शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि नव्या दाताची वाट अडते.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, व्याकरणाच्या तासाला आपण त, थ, द, ध, न हे वर्ण दंत्य म्हणून शिकलो. त्यांच्या उच्चारासाठी जीभ दातांच्या आतील बाजूस टेकते आणि नेहमीची तार असते बाहेरील बाजूस. पहिले काही दिवस जीभ थोडी अडखळते, नंतर उच्चार पूर्ववत होतात. तात्पर्य, आमच्या त्या भगिनीचे तोंड तारेने बंद केले नव्हते. ते आमच्या हसण्याने बंद केले होते. पाय मोडलेल्या मित्राच्या प्लास्टरला आपण हसत नाही, उलट त्याचे दप्तर उचलतो. मग दातांवरील तारेनेच असा कोणता अपराध केला आहे?

आम्ही तिची क्षमा मागितली आहे. यंदाच्या वक्तृत्व स्पर्धेत तिने पुन्हा नाव दिले आहे. तार अद्याप निघालेली नाही.