फ्लॉपीतले दप्तर

फ्लॉपीच्या वापराविषयीचे नियम जपानच्या सरकारने २०२४ साली रद्द केले. ही बातमी वाचून कित्येकांना हसू आले असेल. परंतु हसण्यापूर्वी आपल्याच कचेऱ्यांतील व महाविद्यालयांतील कपाटे उघडून पाहिलेली बरी.

१९७१ साली आयबीएमने आठ इंची फ्लॉपी आणली. पुढे सव्वापाच व साडेतीन इंची आल्या. साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट मजकूर मावे. वेतनपत्रके, निकाल, प्रबंध तिच्यावर उतरवून आपण निश्चिंत झालो. वस्तुतः ही चुंबकीय लेपाची पातळ चकती. वाचताना ड्राइव्हचे शीर्ष तिला प्रत्यक्ष घासते. दमट हवेने बुरशी चढली असेल, तर लेपच खरवडला जातो. सोनीने २०११ साली जपानमधील विक्री थांबवली. नव्या संगणकांत ड्राइव्ह नसतो. साडेतीन इंचीसाठी तो बाहेरून जोडता येतो. सव्वापाच इंचीसाठी बहुधा जुने यंत्रच शोधावे लागते.

पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागद दोन शतकांनंतरही वाचता येतात. त्यांना लिपीचा जाणकार पुरतो. फ्लॉपीला ड्राइव्ह हवा, आज्ञावली हवी, आणि मजकूर मराठी असेल तर त्या काळचा फॉन्टही हवा.

तात्पर्य, दप्तर जपणे हा एकदाच करावयाचा भांडवली खर्च नव्हे. तो दरवर्षीचा चालू खर्च आहे. अंदाजपत्रकात इमारतीच्या डागडुजीसाठी तरतूद असते, तशी नोंदी नव्या साधनांवर उतरविण्यासाठीही असली पाहिजे. उरलेल्या फ्लॉप्यांच्या नकला आज होऊ शकतात. शेवटचा ड्राइव्ह भंगारात गेल्यावर मंजूर झालेल्या निधीचा उपयोग काय?