सिगारेट सुटली, विडी लागली!

परवा गावी मावशीकडे गेले होते. चहा टाकता टाकता ती मोठ्या आनंदानं म्हणाली, ''अगं, ह्यांनी सिगारेट पार सोडली! डॉक्टरांनी दम भरला ना. आता फक्त विडी.'' तेवढ्यात ओसरीवरून काकांचा खोकला ऐकू आला. मी काही बोलायच्या आत मावशीच म्हणाली, ''कागद नाही, केमिकल नाही. झाडाचं पान आणि चिमूटभर तंबाखू. त्यात काय एवढं?''

मैत्रिणींनो, हा 'चिमूटभर'च घात करतो. विडीत तंबाखू सिगारेटच्या साधारण पावपटच असते, हे खरं. पण तेंदूच्या पानातून कागदासारखी हवा खेळत नाही. झुरका घेतला नाही की विडी विझते. म्हणून ओढणारा जास्त वेळा आणि जास्त जोर लावून धूर आत घेतो. त्यात विडीला फिल्टर नाही. त्यामुळे निकोटीन, टार आणि कार्बन मोनॉक्साइड शरीरात सिगारेटइतकंच, किंबहुना जास्तच जातं. तोंडाचा, घशाचा, फुफ्फुसाचा कर्करोग, हृदयविकार, कायमची धाप हे सगळं विडीनंही होतं. म्हणजे सिगारेट बरी, असंही नाही. एकीवरून दुसरीवर जाणं म्हणजे सोडणं नव्हे, इतकंच.

आणि हा प्रश्न फक्त आमच्या काकांचा नाही. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले 7.7 टक्के प्रौढ विडी ओढत होते, तर सिगारेट 4 टक्के. या विड्या वळणारे हात बहुतेक बायकांचेच. सोलापुरात हजारो जणी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत आल्या. झुरका न घेताही तंबाखूची धूळ त्यांच्या नाकातोंडात जातेच.

हे सगळं मी मावशीला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग फळीवरच्या डबीकडे बघत हळूच म्हणाली, ''मग माझ्या मिश्रीचं गं?''

आता गप्प व्हायची पाळी माझी होती. 'ह्यांच्या' व्यसनाबद्दल आपण तावातावानं बोलतो. पण तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू रोज दातांना लावतो, तिला मात्र 'दात घासणं' म्हणतो. धूर निघत नाही, म्हणून ते व्यसन वाटतच नाही. पण मिश्रीनंही तोंडाचा कर्करोग होतो, आणि गरोदरपणी लावली तर बाळ कमी वजनाचं जन्मू शकतं.

तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी फोन क्रमांक आहे, 1800-112-356. पैसे पडत नाहीत. मी तो मावशीच्या कॅलेंडरवर लिहून आले. दोघांनी मिळून सोडायचं ठरवलंय. काल तिचा फोन आला, काकांच्या खिशात पुन्हा बंडल सापडलं म्हणे. ''आणि तुझी डबी?'' मी विचारलं.

''दोन दिवस हात नाही लावला,'' ती म्हणाली. ''डोकं फार दुखतंय गं. पण आता ह्यांना बोलायला तोंड तरी आहे मला!''