दोन-दोन अक्षरांचे कुलूप

तारेचा जमाना होता तेव्हा गुपित राखणे कठीण होते. मजकूर जितक्या कारकुनांच्या हातून जाई, तितके डोळे त्यावरून फिरत. तारयंत्राच्या जनकांपैकी एक, इंग्लंडचे चार्ल्स व्हीटस्टोन, यांनी १८५४ साली यावर कागद-पेन्सिलीचा उपाय काढला.

घरी मुलांना घेऊन करून पाहा. पाच आडव्या ओळी, पाच उभे रकाने, अशी २५ घरे आखा. इंग्रजी अक्षरे २६, म्हणून आय व जे एकाच घरात. आधी ठरलेला गुप्त शब्द लिहायचा, मग उरलेली अक्षरे क्रमाने. आम्ही 'नागपूर' घेतला. पहिली ओळ एन, ए, जी, पी, यू, दुसरी आर, बी, सी, डी, ई, पुढे तसेच. आता 'दादा' लिहायचे आहे. जोड्या पाडा: डी-ए, डी-ए. ही दोन अक्षरे एका चौकोनाचे समोरासमोरचे कोपरे होतात. प्रत्येकाऐवजी त्याच्याच ओळीतला दुसरा कोपरा घ्या. डीचा बी, एचा पी. 'दादा'चे झाले बीपी-बीपी! दोन्ही अक्षरे एका ओळीत आली तर उजवीकडचे शेजारी, एका रकान्यात आली तर खालचे. एका जोडीत तेच अक्षर दोनदा आले तर मध्ये एक्स घालायचा.

सुटे अक्षर बदलले तर चोर नुसती मोजदाद करून ई हुडकतो. इथे जोड्याच ६०० होतात.

व्हीटस्टोन व त्यांचे मित्र लॉर्ड प्लेफेअर ही युक्ती घेऊन ब्रिटिश परराष्ट्र खात्यात गेले. साहेब म्हणाले, फार किचकट आहे. व्हीटस्टोन म्हणाले, जवळच्या प्राथमिक शाळेतल्या चार पोरांपैकी तिघांना पंधरा मिनिटांत शिकवून दाखवतो. त्यावर साहेबांचे उत्तर असे, की पोरांना येईलही, पण वकिलातीतल्या आमच्या अधिकाऱ्यांना ते कधीच यायचे नाही! आम्ही आयुष्यभर टेबलाच्या अलीकडे बसलेली माणसे. साहेबाच्या तोंडून अशी कबुली क्वचितच ऐकली.

नाव मात्र 'प्लेफेअर' पडले. त्यांनी श्रेय लाटले नव्हते, ते मित्राचीच युक्ती म्हणून सांगत.

कुलूप अभेद्य नव्हते. तीच जोडी पुन्हा आली की तेच उत्तर येते, हे 'दादा'त दिसलेच. अमेरिकन लष्करातील जोसेफ मॉबोर्न यांनी १९१४ साली त्याची उकल छापली. तरीही काही तासांचे गुपित राखायला ते पुरे. ऑगस्ट १९४३ मध्ये सॉलोमन बेटांजवळ जपानी विनाशिकेने केनेडींची बोट फोडली, तेव्हा त्या तरुण अधिकाऱ्याच्या शोधाचे निरोप याच पद्धतीने गेले. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले तेच हे केनेडी.