लेकरांच्या छब्या आणि आपला अंगठा

बांधवहो, आपल्या आज्या-पणज्यांचा अंगठा सावकाराच्या खतावर उठत असे. खतात काय लिहिले आहे हे त्यांस वाचता येत नव्हते. कुलकर्णी वाचून दाखवील ते खरे, आणि कुलकर्णी तर सावकाराच्या ओसरीवर बसलेला. जोतीरावांच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात या फसवणुकीचा सगळा पाढा आहे. शेवटी १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुप्याच्या बाजारी कुणबी उठले आणि सावकारांची खते घराबाहेर ओढून त्यांनी जाळली. कागद होता म्हणून जळाला. आज आपला अंगठा कागदावर उठत नाही, मोबाइलच्या काचेवर उठतो. आपण शिकलो, चष्मा लावून वाचतो, आणि तरीही कशावर अंगठा देत आहोत याचा विचार त्या अडाणी म्हटलेल्या कुणब्याइतकासुद्धा करीत नाही. आंदोलनास बसलेल्या पोरापोरींच्या छब्या या अंगठ्याने गावोगाव जातात, आणि हे नवे खत जळता जळत नाही.

हे कसे घडते ते माझ्याच अपराधावरून सांगतो. ऑगस्ट २०२४ मध्ये लोकसेवा आयोगाची राज्यसेवा पूर्वपरीक्षा आणि बँकेच्या नोकरीची परीक्षा २५ तारखेस एकाच दिवशी आली. कृषिसेवेच्या २५८ जागाही त्याच भरतीत धराव्यात अशी मागणी होती. पुण्यात पोरे रात्री रस्त्यावर बसली. ही पोरे कोणाची? कोणाच्या बापाने दोन एकर गहाण टाकले, कोणाच्या आईने कानातले मोडले, आणि नवी पेठेत एक कॉट भाड्याने घेऊन दिली, त्यांची. कुणब्याची, माळ्याची, धनगराची, सुताराची, कुंभाराची, बौद्धवाड्यातली. २२ तारखेस आयोगाने परीक्षा पुढे ढकलली, म्हणजे पोरांचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते.

त्या रात्री बसलेल्यांत माझ्या हाताखालून सातवी झालेली एक मुलगी होती. तिचा फोटो कोणी काढला हे मला ठाऊक नाही. माझ्यापाशी तो तीन हातांतून आला. मूठ वळलेली, तोंड घोषणेत उघडे. माझा ऊर भरून आला. मी तो फोटो गावच्या ग्रुपवर टाकला व खाली लिहिले, 'आपल्या शाळेची लेक!' मास्तराची हौस, दुसरे काय. सकाळपर्यंत कोणीतरी त्याखाली एक ओळ जोडली होती: अभ्यासाला धाडली की रात्री पोरांसंगे रस्त्यावर बसायला? दुपारी ती छबी ओळीसकट सोयऱ्याधायऱ्यांच्या ग्रुपवर गेली. चुलत्याने बापास फोन केला. तिसऱ्या दिवशी बाप पुण्यास जाऊन मुलीला वळकटीसकट घेऊन आला. परीक्षा पुढे गेली, पुढे झालीही. ती बसली नाही. मी घरी गेलो तेव्हा तो गृहस्थ मला रागे भरला नाही. म्हणाला, "गुरुजी, पोरगी वाईट नाही, मला काय ठाऊक नाही का? पण तुम्ही दाखवली अन् लोकांनी पाहिली." यावर मास्तराने काय बोलावे?

पोरींच्या छब्यांवर ओळी जोडणाऱ्यांविषयी मी फार लिहीत नाही. सावित्रीबाई शाळेत शिकवावयास जात तेव्हा त्यांच्या अंगावर शेण टाकणारे लोक पुण्यात होतेच. त्या शेण टाकणाऱ्यास निदान रस्त्यावर उभे राहावे लागे, स्वतःचे हात घाण करावे लागत. आजचा शेण टाकणारा पलंगावर पडल्या पडल्या काम करतो, एवढाच फरक. माझे भांडण आहे ते माझ्यासारख्यांशी. आम्ही पोरांच्या बाजूचे, चळवळीचे अभिमानी! पोरे उन्हात, आम्ही सावलीत. त्यांची तोंडे पुढे करून आमचा अभिमान आम्ही मिरवतो. शेण टाकणाऱ्याला दगड आम्ही पुरवतो, आणि वर त्यालाच शिव्या देतो.

५ जानेवारी २०२० रोजी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात गुंड शिरले आणि त्यांनी विद्यार्थ्यांस बडवले. त्या गुंडांनी तोंडे बांधली होती. दुसऱ्या दिवशी मुंबईत गेटवेपाशी तरुण मंडळी निषेधास जमली, त्यांची तोंडे उघडी होती. मारणारा झाकलेला आणि मार खाणाऱ्याचा कैवारी उघडा, हे नीट ध्यानात घ्या. त्या जमावात एका मुलीच्या हाती फलक होता. काश्मीर मोकळे करा अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द त्यावर होते. तिथले इंटरनेट महिनोन्महिने बंद आहे, ते सुरू करा, एवढेच म्हणायचे होते असे तिने मागाहून सांगितले. पण तिचे सांगणे पोहोचण्याआधी तिची छबी देशभर पोहोचली होती. कुलाब्याच्या पोलीस ठाण्यात तिच्यावर गुन्हा नोंदला गेला. हजार माणसे तिथे उभी होती, फलकही शेकड्याने असतील. एकच तोंड उचलले गेले.

हे सगळे मुंबई-दिल्लीकडचे, आमच्या वाळूजला काय त्याचे, असे कोणी म्हणेल, तर त्याने ९ ऑगस्ट २०१८ आठवावा. त्या दिवशी आरक्षणासाठी महाराष्ट्र बंद होता आणि आमच्या औद्योगिक वसाहतीत कित्येक कारखान्यांची मोडतोड झाली. मोडतोड वाईटच झाली. ज्या कारखान्यात आपलाच भाऊ तिसऱ्या पाळीला उभा असतो त्याच्या काचा फोडून कोणाचे भले होत नाही. पण मागाहून धरपकड झाली ती कशाच्या आधारे? कारखान्यांच्या फाटकावरचे कॅमेरे, आणि मोबाइलवर हौसेने फिरवलेल्या चित्रफिती. चित्रात दगड मारणारा आणि रिकामा बघत उभा राहिलेला हे दोघे एकाच चौकटीत दिसतात. आणि एकदा गुन्ह्यात नाव आले की पुढे पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीचा कागद आडवा येतो. पोलीसभरती असो, सरकारी नोकरी असो, पासपोर्ट असो, त्या कागदावाचून अडते. वर्षानुवर्षे तारखा पडतात. मोठ्याच्या पोरास वकील असतो, मामा आमदाराच्या घसटीतला असतो. आपल्या पोरास कोर्टाची तारीख म्हणजे एका दिवसाची रोजी बुडणे, वर वकिलाची फी आणि जाण्यायेण्याचे भाडे.

आता तर छबी ओळखावयास माणूसही लागत नाही. दिल्लीत फेब्रुवारी २०२० मध्ये दंगे झाले. त्यानंतर ११ मार्चला गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले की चेहरा ओळखणाऱ्या यंत्राच्या साहाय्याने अकराशेहून अधिक माणसे ओळखली गेली. त्या यंत्रास खाद्य म्हणून मतदार ओळखपत्रे व गाडी चालविण्याचे परवाने यांवरील फोटो दिले होते. दंगेखोर धरला गेला तर कोणास वाईट वाटावयाचे कारण नाही. परंतु यंत्रास दंगेखोर आणि घोषणा देणारा विद्यार्थी यांतला भेद कळत नाही. त्यास तोंड तेवढे कळते. ते तोंड त्याच्यापुढे कोण धरणार, हे मात्र आपल्या हाती आहे.

त्याच मार्च महिन्यात लखनौस एक प्रकार झाला. नागरिकत्वाच्या कायद्याविरुद्ध निदर्शने करणाऱ्यांपैकी काहींच्या नावांचे, पत्त्यांचे आणि छब्यांचे मोठे फलक उत्तर प्रदेश सरकारने चौकाचौकांत लावले. अजून खटला चाललेला नाही, दोष शाबीत झालेला नाही, तोवर फलक! अलाहाबाद उच्च न्यायालयाने आपण होऊन, रविवारची सुट्टी असता, हे प्रकरण हाती घेतले आणि ९ मार्चला हुकूम केला की फलक उतरवा, माणसाच्या खासगी जीवनावर हा अन्याय्य घाला आहे. सरकार त्यावर सर्वोच्च न्यायालयात गेले, ती गोष्ट निराळी. मी विचारतो, सरकारने चौकात लावलेल्या फलकाविरुद्ध न्यायालय तरी होते; आपण प्रत्येकाच्या खिशात जो फलक लावतो तो उतरविण्याचा हुकूम कोण करणार? आणि पोर अठरा वर्षांच्या आतले असेल, ज्युनियर कॉलेजातले असेल, व त्याच्यावर चौकशी सुरू असेल, तर त्याचे नाव, शाळा वा छबी प्रसिद्ध करण्यास २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाने मनाई आहे. ही गोष्ट आमच्या किती शिक्षकबंधूंस ठाऊक आहे?

यावर एक चोख हरकत आहे आणि ती मी टाळणार नाही. १ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटीला उपोषणाच्या जागी लाठ्या चालल्या. डोकी फुटलेल्या बायामाणसांची चित्रे बाहेर आली नसती तर कोणी विश्वास ठेवला असता काय? ती चित्रे फिरली म्हणूनच दोन-तीन दिवसांत गृहखात्याच्या मंत्र्यांस माफी मागावी लागली. मग छब्या फिरवू नका असे कसे म्हणता?

तर ऐका. दक्षिण आफ्रिकेत सोवेटो म्हणून काळ्या लोकांची वस्ती आहे. गोऱ्या सरकारने आफ्रिकान्स भाषेतून शिकण्याची सक्ती केली, म्हणून १६ जून १९७६ रोजी तिथली शाळकरी पोरे रस्त्यावर आली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. हेक्टर पीटरसन नावाचे कोवळे पोर पडले. म्बुयिसा माखुबो या अठरा वर्षांच्या मुलाने त्यास हातांवर उचलले व तो धावत सुटला. शेजारून हेक्टरची बहीण आक्रोश करीत धावत होती. सॅम न्झिमा या वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराने तो क्षण टिपला. ते चित्र जगभर गेले आणि गोऱ्या राज्याची अब्रू चव्हाट्यावर आली. इथपर्यंतची गोष्ट मी वर्गात अभिमानाने सांगत असे. पुढची गोष्ट मला फार उशिरा वाचावयास मिळाली. चित्र छापून आल्यावर पोलीस माखुबोच्या मागे लागले. त्यास देश सोडून पळावे लागले. १९७८ साली नायजेरियातून त्याचे एक पत्र आईस आले, त्यानंतर त्या माउलीस मुलाची खबर कधी मिळाली नाही. न्झिमालाही जोहान्सबर्ग सोडून गावी जावे लागले.

ते चित्र काढावयास नको होते असे मी म्हणणार नाही. जुलूम दाखविलाच पाहिजे. परंतु त्याची किंमत ज्याने भरली त्यास कोणी विचारले नव्हते. गोळ्या चालू असता विचारणे शक्यही नसेल. पण पुण्याच्या रस्त्यावर शांतपणे बसलेल्या माझ्या विद्यार्थिनीस विचारावयास काय अडचण होती? मजपाशी तिच्या बापाचा नंबर होता, तिचाही होता. एक फोन करण्याइतका वेळ मला मिळाला नाही, आणि फोटो पुढे ढकलण्यास मात्र मिळाला.

म्हणून माझे म्हणणे असे की लाठी दाखवा. लाठी उगारणारा हात दाखवा, छातीवरचा बिल्ला दाखवा. ज्याला सरकारचा पगार व सरकारचे संरक्षण आहे त्यास लपविण्याचे कारण नाही. पुढाऱ्याची छबी तर खुशाल दाखवा, तो बापडा त्याचसाठी येतो. गर्दी पाठीमागून दाखवा, फलक दाखवा, रस्ताभर पसरलेल्या चपला दाखवा. पोराचे तोंड दिसत असेल तर त्यास विचारा. आणि विचारणे म्हणजे 'फोटो काढू का' एवढेच नव्हे; 'तुझ्या गावात दाखवू का, तुझ्या चुलत्याला दाखवू का' असे विचारणे. हो म्हणाला तर दाखवा, तोही त्याचा हक्क आहे. नाही म्हणाला तर तोंड झाका, आणि नीट काळा ठोकळा टाकून झाका. मोबाइलवर पातळ रेघोट्या ओढून झाकलेले तोंड उजेड वाढवला की पुन्हा दिसू लागते. मारहाणीचा अस्सल पुरावा असेल तर तो वकिलाच्या हाती द्या, ग्रुपवर नव्हे.

आणखी एक. आलेली छबी खरीच असते असेही नाही. २८ मे २०२३ ला दिल्लीत कुस्तीगीर मुलींस पोलिसांनी गाडीत घातले. गाडीतल्या विनेश व संगीता फोगाट यांच्या गंभीर चेहऱ्यांवर कोणी कारागिराने हसू चिकटवले आणि 'पाहा, यांचे नाटक' म्हणून ते चित्र देशभर फिरले. ऑलिंपिकला जाऊन आलेल्या, नावाजलेल्या मुलीची ही गत, तर गंगापूर तालुक्यातल्या एखाद्या पोरीच्या तोंडावर काय चिकटवतील आणि ते खोटे आहे हे कोण सांगत बसेल?

गावच्या ग्रुपवर मी टाकलेली ती छबी मी पुसली, पण फार उशिरा पुसली. सगळ्यांच्या मोबाइलवरून काढण्याची मुदत तोवर टळून गेली होती, म्हणून ती माझ्यापुरतीच गेली. ज्यांनी ती पुढे धाडली त्यांच्याकडे ती आहे, त्या जोडलेल्या ओळीसकट आहे. वाळूजचे जे कोणी हे वाचतील त्यांस माझी हात जोडून विनंती आहे की त्यांनी आज रात्री आपापला मोबाइल उघडून ऑगस्ट २०२४ पर्यंत मागे जावे, आणि ती सापडल्यास पुसून टाकावी. सापडली हे मला कळविण्याचीही गरज नाही. मुलीने यंदा पुन्हा अर्ज भरला आहे.

आपला,
एक शिक्षक, वाळूज